खूर शाबूत, तर घोडा शाबूत

चार महिने पावसात राबणाऱ्या घोड्याला चढण किंवा ओझे जितके छळत नाही, तितका पायाखालचा ओलावा छळतो. नालबंदाची वेळेवर भेट आणि रोजची दहा मिनिटे, एवढ्यावर घोड्याचे पाय वाचतात आणि त्या पायांवर उभे असलेले घरही!

जुलै महिन्यातला शनिवार. माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर धुके इतके दाटले आहे की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. मुंबई-पुण्याहून आलेल्या गाड्या इथेच थांबतात. पुढे गावात जायचे तर पायी, छोट्या गाडीने, नाहीतर घोड्यावरून. तांबडी माती पावसाने लापशीसारखी झाली आहे आणि तिच्यात घोटाभर रुतलेले घोडे माना खाली घालून गिऱ्हाइकाची वाट पाहत आहेत.

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. अशा गर्दीतला एक घोडा पुढचा उजवा पाय टेकवायला कुरकुर करतो. घोडेवाला पाय उचलून पाहतो. नालाचे दोन खिळे ढिले झाले आहेत, खुराची कड ओल्या खारकेसारखी मऊ पडली आहे आणि खुराच्या खाचेतून कुजकट वास येतो आहे. शनिवार-रविवारची कमाई समोर उभी आहे. ढिला नाल हातोडीने दोन ठोके मारून बसवता येईल आणि दोन दिवस निघतीलही. पण त्यानंतर काय?

या एका प्रश्नाचे उत्तर चुकले की दिवाळीच्या गर्दीत तोच घोडा तबेल्यात तीन पायांवर उभा असतो. घरात एकच घोडा असेल तर त्या घराचा हंगामच बुडतो. ज्या दिवाळीच्या भरवशावर शाळेची फी आणि किराण्याची उधारी ठेवलेली असते, ती दिवाळी औषधात जाते.

घोड्यांवर चालणारे गाव

१८५० मध्ये ठाण्याचे तेव्हाचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी माथेरानचा डोंगर थंड हवेचे ठिकाण म्हणून पुढे आणला. १९०७ मध्ये नेरळहून वर येणारी छोटी गाडी सुरू झाली. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरच्या या गावात मोटारगाड्यांना बंदी आहे. म्हणूनच इथे माणसाला वाहून नेण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या घोड्याने केले. पर्यटकांना फिरवणाऱ्या घोड्यांची संख्याच साडेचारशेच्या आसपास सांगितली जाते. त्याशिवाय गॅसची सिलिंडरे, किराणा आणि बांधकामाचे सामान वाहणारे घोडे वेगळेच.

कोकणच्या कडेला उभ्या असलेल्या या डोंगरावर जून ते सप्टेंबर पाऊस अक्षरशः कोसळतो. उन्हाळ्यात धूळ उडवणारी माती चार महिने चिखल होऊन राहते. हीच परिस्थिती महाबळेश्वरची. हिमालयातल्या गौरीकुंड ते केदारनाथ या वाटेवरची खेचरेही ओल्या दगडांवरून आणि शेणाच्या राड्यातून यात्रेकरूंना वर नेतात. ठिकाणे वेगळी असली तरी दुखणे एकच.

श्रीमंत घोड्यांना मात्र यावर उपाय सापडला आहे. मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावरच्या शर्यतींचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल असतो. पावसाळा सुरू झाला की शर्यतींचे घोडे पुण्याला हलतात आणि तिथला हंगाम ऑक्टोबरपर्यंत चालतो. मुंबईच्या पावसात भिजलेल्या मैदानावर त्यांना पळवायचे कुणाच्या मनातही येत नाही. पण डोंगरावरच्या भाड्याच्या घोड्याला पुण्याला कोण नेणार? त्याचे पाय आहेत त्याच जागी सांभाळावे लागतात.

खूर म्हणजे नुसता दगड नव्हे

खूर बाहेरून दगडासारखा कठीण दिसतो, म्हणून त्याला काही होत नाही असा अनेकांचा समज असतो. खरे तर खूर म्हणजे आपल्या नखाचाच मोठा आणि जाड भाऊ. आपली नखे आणि केस ज्या केराटिनचे बनतात, त्याचाच खूरही बनतो. घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर उभा असतो आणि त्या बोटाभोवती हे नखाचे पायताण असते.

खूर उचलून तळ पाहिला तर त्याची रचना समजते. बाहेरची जाड कड म्हणजे खुराची भिंत. नाल याच भिंतीवर बसतो आणि खिळे हिच्यातूनच जातात. भिंतीच्या आत तळवा असतो. भिंत आणि तळवा जिथे जुळतात तिथे एक फिकट रेघ दिसते. तिला पांढरी रेघ म्हणतात. टाचेकडून पुढे आलेला, इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा रबरासारखा भाग म्हणजे पुतळी. इंग्रजीत हिलाच फ्रॉग, म्हणजे बेडूक, असे गमतीदार नाव आहे. पुतळीच्या मध्यभागी एक आणि दोन्ही बाजूंना दोन खाचा असतात. पावसाळ्यातली बहुतेक दुखणी या तीन खाचांतून सुरू होतात.

घोडा पाय टेकवतो तेव्हा टाचेकडचा भाग किंचित फाकतो, पाय उचलला की पुन्हा जुळतो. या हालचालीमुळे धक्का शोषला जातो आणि खुरातले रक्त वर ढकलायला मदत होते. घोडा चालला की खुराचे पोषण होते, ते असे.

खूर दर महिन्याला साधारण ८ ते १० मिलिमीटर वाढतो. पुढच्या बाजूचा खूर वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत पूर्ण नवा व्हायला नऊ महिने ते वर्ष लागते. म्हणजे जूनमध्ये खुराच्या वरच्या कडेला झालेली इजा पार खाली उतरून कापली जाईपर्यंत पुढचा उन्हाळा उजाडतो. खुराच्या बाबतीत आजची हयगय वर्षभर भोवते, ती यामुळेच.

पाणी नेमके करते काय?

दिवसभर धुणे-भांडी केल्यावर आपली नखे मऊ पडतात, सहज वाकतात आणि कडेला सुटतात. खुराचेही तसेच होते. सतत पाण्यात आणि चिखलात उभे राहून खूर पाणी शोषतो. भिंत मऊ झाली की ओझ्याखाली ती बाहेर पसरू लागते. तळवा मऊ झाला की एरवी न जाणवणारा खडा आता रुततो आणि आत ठेच बसते.

त्याहून वाईट म्हणजे ओले आणि कोरडे यांचा खेळ. पावसाळ्यात फुगलेले लाकडी दार थंडीत आक्रसते, चिरते आणि त्यातले खिळे खुळखुळू लागतात, हा अनुभव प्रत्येक घरात असतो. दोन दिवस पाऊस, एक दिवस कडक ऊन, पुन्हा पाऊस, असे झाले की खूरही फुगतो आणि आक्रसतो. खिळ्यांची भोके सैल होतात. नाल हलू लागतो. हलणारा नाल भोके आणखी मोठी करतो आणि शेवटी निघून जाताना भिंतीचा लचका घेऊन जातो. मग पुढचा नाल ठोकायला चांगली जागाच उरत नाही.

पण नुसत्या पावसाच्या पाण्याने खूर सडत नाही. ओलाव्याला शेण, मूत आणि कोंदटपणाची जोड मिळाली की सड सुरू होते. रात्रभर घाणीत उभा असलेला घोडा दिवसभर पावसात चालणाऱ्या घोड्यापेक्षा जास्त धोक्यात असतो. हा फरक ज्याला कळला, त्याने निम्मी लढाई जिंकली असे समजावे.

ही चिन्हे दुर्लक्षू नका

पुतळीची सड: पावसाळ्यातले हे सर्वांत नेहमीचे दुखणे. इंग्रजीत याला थ्रश म्हणतात. हवा न लागणाऱ्या ओल्या खाचांत जंतू वाढतात, काळपट चिकट स्राव येतो आणि त्याचा दर्प एकदा नाकात गेला की विसरता येत नाही. सुरुवातीला घोडा लंगडत नाही, म्हणून मालक गाफील राहतो. सड खोल गेली की मात्र खाचेला हात लावताच घोडा पाय हिसकावतो. यावर उपाय म्हणजे आधी सफाई, मग कोरडेपणा आणि शेवटी औषध. कुजलेला भाग नालबंदाने किंवा डॉक्टरांनी कापून खाचेला हवा मोकळी करायची, रोज साफ करून पूर्ण कोरडे करायचे आणि मग डॉक्टरांनी सांगितलेले जंतुनाशक लावायचे. अनेक तबेल्यांत मोरचूद भरण्याची पद्धत आहे. पण तीव्र मोरचूद चांगल्या मांसालाही जाळतो. तो आपल्या अंदाजाने भरू नये.

खुरातला गळू: काल नीट चाललेला घोडा आज पाय टेकवतच नाही, जणू हाडच मोडले आहे. अशा वेळी पुष्कळदा खुरात पू झालेला असतो. मऊ तळव्यातून खडा रुतून किंवा पांढऱ्या रेघेतून घाण आत शिरून तो होतो. कठीण खुराच्या आत पुवाला पसरायला जागा नसते, म्हणून वेदना असह्य होते. खूर हाताला गरम लागतो. डॉक्टर वाट करून पू बाहेर काढतात आणि घोड्याला बहुधा लवकर आराम पडतो. घरच्या घरी सुरी चालवणे मात्र धोक्याचे. घोडा हा धनुर्वाताला फार लवकर बळी पडणारा प्राणी आहे. त्यामुळे धनुर्वाताची लस दिली आहे की नाही, याची नोंद प्रत्येक घोडेवाल्याकडे असलीच पाहिजे.

चिखल्या: भातलावणी करणाऱ्या बायकांच्या पायांना चिखल्या होतात. घोड्यालाही जवळपास तसेच होते. खुराच्या वर, मागच्या खळग्यात कातडी ओली राहून फुटते, जंतू शिरतात आणि खपल्या धरतात. पांढऱ्या पायांच्या घोड्यांना हा त्रास जास्त होतो, कारण तिथली कातडी गुलाबी आणि नाजूक असते. कोरड्या खपल्या ओरबाडून काढू नयेत. त्या मऊ करून, हळूच धुऊन, कापडाने टिपून कोरड्या कराव्यात. पाय सुजला तर डॉक्टरांना बोलवावे.

पांढऱ्या रेघेची पोकळी: भिंत आणि तळवा यांच्या सांध्यात माती व जंतू शिरून आत भुसभुशीत पोकळी होते. वरून काही दिसत नाही. खुरावर हलके ठोकले तर पोकळ आवाज येतो. हे बहुधा नालबंदाच्याच लक्षात येते, आणि तेही त्याला वेळेवर बोलावले तरच.

लॅमिनायटिस: हे दुखणे ओलाव्याचे नाही, पण पावसाळ्यात दबा धरून असते. काम बंद असताना घोड्याला पूर्ण चंदी चालू ठेवली किंवा त्याने धान्याच्या पोत्यात तोंड घातले, तर खुराच्या आतली पकड सुजते. घोडा पुढचे पाय पुढे टाकून टाचांवर भार घेत अवघडून उभा राहतो. दोन्ही पुढचे खूर गरम लागतात. अशा वेळी घोड्याला चालवून पाहत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टर हवा. काम कमी झाले की चंदी कमी, हा नियम म्हणूनच पाळायचा.

नालबंद येतो तेव्हा

नालबंदाचे काम म्हणजे लोखंड ठोकणे, असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात ठोकणे हा शेवटचा भाग असतो. चांगला नालबंद आल्याबरोबर पाय उचलत नाही. तो आधी घोडा चालवायला सांगतो. घोडा कुठे भार टाकतो, कुठला पाय चोरतो, हे पाहतो. मग जुन्या खिळ्यांची वळवलेली टोके सरळ करून नाल अलगद काढतो. जुना नाल कुठे जास्त झिजला आहे, त्यावरून घोड्याची चाल वाचतो. नंतर वाढलेली भिंत कापून, कानशीने घासून खूर सपाट करतो. दोन्ही बाजू समतोल आहेत का, हे पाहूनच नाल हातात घेतो.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. नाल खुराच्या मापाचा करायचा असतो, खूर नालाच्या मापाचा नव्हे. तयार नाल लहान पडला म्हणून खुराची कड घासून त्यात बसवणे ही फार मोठी चूक आहे. कारण त्यामुळे भिंत पातळ होते आणि टाच आवळली जाते. आवळलेल्या टाचेत पुतळीची खाच खोल आणि अरुंद होते. सडीला अशीच जागा हवी असते.

साधारण सहा ते आठ खिळ्यांवर नाल बसतो. प्रत्येक खिळा पांढऱ्या रेघेच्या बाहेर, जिवंत नसलेल्या भिंतीतून वर निघाला पाहिजे. थोडा आत गेला तर तो जिवाला लागतो, किंवा जिवंत भागाला दाबून राहतो. पावसाळ्यात भिंत मऊ आणि कडेला तुटकी असल्यामुळे नालबंदाच्या हाती असलेली चांगली जागा आणखी कमी होते. म्हणून कुशल हाताची खरी कसोटी पावसातच लागते. नाल ठोकल्यानंतर एक-दोन दिवसांत घोडा लंगडू लागला, तर दोष घोड्याला न देता नालबंदाला लगेच परत बोलवावे.

दर चार ते सहा आठवड्यांनी नाल काढून, खूर कापून पुन्हा नाल बसवला पाहिजे. नाल झिजला नसला तरीही! कारण लोखंड झिजो वा न झिजो, खूर वाढतच असतो. पुढचे टोक लांबले की पायाच्या शिरांवर ताण येतो. पैसे वाचवण्यासाठी नाल झिजेपर्यंत थांबणारा मालक नालाचे पैसे वाचवतो आणि घोडा गमावतो.

ज्या घोड्याला पावसाळ्यात सुट्टी आहे, त्याचे नाल काढून खूर नीट कापून त्याला मऊ जमिनीवर मोकळे सोडणे हिताचे ठरते. जुनी भोके खाली उतरतात आणि टाच मोकळी होते. पण ज्याला दगडी वाटेवर काम करायचे आहे, त्याचे नाल भर पावसात अचानक काढले तर मऊ तळव्याला ठेचा बसतील. निर्णय कामावर आणि जमिनीवर अवलंबून असतो, शेजाऱ्याने काय केले यावर नव्हे.

घसरणीवर काही ठिकाणी टंगस्टन कार्बाइडच्या कठीण टोकाचे खिळे वापरतात. गुळगुळीत फरशीवर त्यांची पकड बसते. पण पकड फार घट्ट झाली तर पाय वळताना सांध्यांना पिळ पडतो. नाल आणि खूर यांच्यामध्ये चामड्याचा किंवा रबराचा तुकडा घातला तर तळव्याला आधार मिळतो. मात्र त्याच्याखाली ओल आणि घाण कोंडून राहते. पावसाळ्यात म्हणूनच प्रत्येक सोयीची दुसरी बाजूही नालबंदाला विचारून घ्यावी.

रोजची दहा मिनिटे

नालबंद महिन्या-दीड महिन्यातून एकदा येतो. मधले सगळे दिवस घोडा मालकाच्या हातात असतो. या दिवसांत करायचे काम अगदी साधे आहे.

कामावर जाण्यापूर्वी आणि परतल्यावर चारही पाय उचलून पाहावेत. बोथट आकडीने टाचेकडून टोकाकडे, खाचांमधली माती आणि खडे काढावेत. पुतळीच्या मधल्या खाचेत आकडी खुपसू नये. तिथे ब्रश किंवा कापडाची घडी पुरते. वास घेऊन पाहावा, कारण सडीची पहिली वर्दी नाकच देते. खिळ्यांची टोके वर आली आहेत का, नाल सरकला आहे का, हे बोटाने चाचपावे. मग तळहात खुरावर ठेवून पाहावा. एक खूर इतरांपेक्षा गरम असेल, तर काहीतरी शिजते आहे असे समजावे.

पाय धुतले तर पुसलेच पाहिजेत. दिवसातून चारदा नळीने पाणी मारून तसेच सोडले, तर स्वच्छतेच्या नावाखाली आपण ओलावाच वाढवतो. ओल्या खुरावर तेल चोपडण्याची सवयही अशीच. तेलाच्या थराखाली ओल अडकून राहते. तेल लावायचेच तर स्वच्छ आणि कोरड्या खुरावर लावावे.

यापुढचे काम तबेल्याचे. घोड्याला चोवीस तासांतून काही तास तरी कोरड्यावर उभे राहता आले पाहिजे. जमिनीला उतार हवा, मूत वाहून जायला नाली हवी आणि छपराचे पाणी आत यायला नको. खाली भाताचे तूस, पेंढा किंवा लाकडाचा भुसा पसरला तर तो ओल शोषतो. मात्र भिजलेला भाग रोज काढून टाकावा लागतो. वरून नवा थर टाकून खालची घाण तशीच ठेवणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधण्यासारखे आहे.

आणि घोडा चालता ठेवावा. घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडले, या तिन्ही प्रश्नांचे एकच उत्तर आपण लहानपणी ऐकलेले असते: न फिरवल्याने! खुराच्या बाबतीत तर ते शब्दशः खरे आहे. आठवडाभर पाऊस आहे म्हणून घोडा एकाच जागी बांधून ठेवला, तर खुरातले रक्त मंदावते आणि पाय त्याच घाणीत मुरत राहतो.

छावणीतला शहाणपणा

पावसाळ्यात घोड्याला जपण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या घोडदळाची व्यवस्था वर्णन केली आहे. पावसाळ्याचे चार महिने लष्कर छावणीला येई. घोड्यांसाठी दाणा, वैरण आणि औषधे आधीच साठवली जात. त्यांना गवताने शाकारलेली छपरे असत. दसरा झाला की फौज पुन्हा मुलुखगिरीला निघे. चिपळूणच्या छावणीला महाराजांच्या वतीने गेलेले पत्र तर प्रसिद्धच आहे. पावसाळा संपायच्या आत दाणावैरण संपली तर घोडी मरू लागतील, ही काळजी त्यात आहे. ज्यांचे राज्य घोड्यांच्या पाठीवर उभे होते, त्यांना पावसाळ्यातली बचत आणि उधळपट्टी यांतला फरक नेमका ठाऊक होता.

भाषेनेही ही आठवण जपली आहे. मोहिमेपूर्वी घोडा आणि सामान सज्ज करण्यासाठी स्वारांना जी आगाऊ रक्कम मिळे, तिला नालबंदी म्हणत. घोड्याच्या वैद्याला सालोत्री म्हणत. अश्वशास्त्राचा प्राचीन आचार्य मानल्या गेलेल्या शालिहोत्राच्या नावावरून हा शब्द आला. लष्कराच्या तयारीच्या खर्चालाच नालाचे नाव मिळावे, यातच त्या कामाचे मोल दिसते.

नालबंद उरतील का?

आज हे मोल कमी झाले आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या घोड्यांची आणि तट्टांची संख्या सुमारे ३.४ लाख भरली. २०१२ च्या तुलनेत ती जवळपास ४५ टक्क्यांनी घटली होती. मुंबईच्या रस्त्यांवरच्या घोडागाड्या बेकायदा असल्याचा निर्णय २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दिला आणि त्या टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितल्या. त्या निर्णयामागे घोड्यांच्या हालांचीच चिंता होती आणि ती खोटी नव्हती. पण घोडे कमी झाले की नालबंदाचे कामही कमी होते. मग त्याचा मुलगा दुसरा धंदा धरतो. उरलेल्या घोड्यांसाठी मात्र चांगला हात मिळणे आणखी कठीण होते.

माथेरानमध्येही वारे बदलले आहे. डिसेंबर २०२२ मध्ये तिथे ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर आल्या. माणसाने माणसाला ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले. रस्त्यावर बसवलेल्या पेव्हर ब्लॉकवरून घोडे घसरतात, या तक्रारीचा वादही त्याच न्यायालयापर्यंत गेला. ओल्या गुळगुळीत फरशीवर लोखंडी नाल घसरतो, हे समजायला तज्ज्ञ लागत नाही. पण फरशी नसेल तर मातीचा चिखल होतो, हेही खरे. कोणताही रस्ता केला तरी त्यावरून चालणारे खूर सांभाळावेच लागतील.

मदत अगदीच नाही असे नाही. सैन्याच्या पशुवैद्यकीय दलात नालबंदीचे शिक्षण दिले जाते. ब्रूक इंडियासारखी संस्था देशात राबणाऱ्या घोड्या-गाढवांसाठी काम करते आणि स्थानिक नालबंदांना शिकवण्यावर भर देते. हरियाणातल्या हिसारला घोड्यांवरचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. मुंबईत परळला १८८६ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. उणीव आहे ती डोंगरावरच्या तबेल्यापर्यंत हे ज्ञान पोहोचण्याची, तेही पावसाळा सुरू होण्याआधी. आठ-दहा घोडेवाल्यांनी मिळून एका चांगल्या नालबंदाच्या ठरावीक फेऱ्या ठरवल्या, तर प्रत्येकाला तो परवडतो आणि त्याचीही चूल पेटती राहते.

घोड्यावर बसण्यापूर्वी

पर्यटकाचाही यात वाटा आहे. मुलांना घोड्यावर बसवण्यापूर्वी क्षणभर घोड्याच्या पायांकडे पाहावे. चारही नाल जागेवर आहेत का? घोडा चारही पायांवर सारखा उभा आहे का? चालताना मान दर पावलाला वर-खाली झटकत असेल, तर तो पुढच्या पायाने लंगडतो आहे असे समजावे. अशा वेळी घोडेवाल्याशी वाद घालण्याची गरज नाही. दुसरा घोडा मागावा. आणि पाय सांभाळलेला घोडा दिसला तर चार पैशांची घासाघीस सोडून द्यावी. स्वस्तातली फेरी बहुधा नालबंदाच्या पैशांतूनच वजा झालेली असते.

पुन्हा एकदा त्या धुक्यातल्या शनिवारकडे वळू. घोडेवाला पाय हातात घेऊन उभा आहे. समोर मुलाचा हट्ट पुरवायला आलेले कुटुंब थांबले आहे. दोन ठोके मारले तर दोन दिवसांची कमाई हाती येईल. घोडा परत तबेल्यात नेला, नाल काढून खाच साफ केली आणि नालबंदाला निरोप धाडला, तर या दोन दिवसांत घरात पैसा येणार नाही. हा निर्णय सोपा नाही, आणि ज्याच्या घरात तो घ्यावा लागतो त्याला शहाणपण शिकवणे तर त्याहून सोपे.

पण खुराचा हिशेब कुणासाठी बदलत नाही. आज दोन दिवस थांबलेला घोडा दिवाळीला चालतो. आज दामटलेला घोडा दिवाळीला थांबतो.